अमेरिकेचं पाखरू आणि करीमचाचांची घंटा

कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही कितीही जपून वावरातून चाला, घरी आल्यावर बाहीला चार पुंजके चिकटलेले सापडतातच. शाळेतल्या किश्शांचंही तसंच आहे. आपण आपली हजेरी घेतो, फळ्यावर तारीख लिहितो, पेपर तपासतो, आणि बदली होऊन दुसरीकडे गेलो की कळतं, अंगाला बरंच काही चिकटून आलंय. मी अकोल्याहून, म्हणजे जठारपेठेतून, मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत नऊ वर्षं अप-डाऊन केलं. सातवीपर्यंतची शाळा, मी विज्ञान शिकवायचे. नऊ वर्षांचं सगळं सांगत बसले तर तुमचा चहा थंड होईल. म्हणून एकाच वर्षाचं सांगते. आमच्या हेडमास्तरांनी अमेरिकेच्या एका पक्ष्याला वऱ्हाडात बोलावलं, त्या वर्षाचं!

*

हेडमास्तर वानखडे सर मूळचे शेंदूरजनाघाटचे. घरी संत्र्याची बाग, त्यामुळे झाड म्हटलं की हा माणूस हातातलं काम सोडायचा. उत्साह तर इतका, की सर ट्रेनिंगला निघाले की आम्ही सोमवारची तयारी करून ठेवायचो. शनिवारी ते जे ऐकून यायचे ते सोमवारी शाळेत सुरू व्हायचं.

त्या पावसाळ्यात ते अमरावतीला शाळेचं आवार सुंदर करण्याच्या ट्रेनिंगला गेले आणि येताना झेरॉक्सची चार इंग्रजी पानं घेऊन आले. कुणीतरी इंटरनेटवरून काढलेली. हमिंगबर्ड पक्ष्यांनी शाळेच्या आवारात यावं म्हणून काय काय करायचं, त्याची यादी. लाल फुलं लावा, नळीसारखी फुलं लावा, साखरेचं पाणी टांगा, औषधाची फवारणी करू नका.

मी म्हटलं, "सर, हा पक्षी आपल्याकडे नसतोच. अख्ख्या भारतात नसतो. फक्त तिकडे, अमेरिकेत."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आजपर्यंत आला नाही, मान्य. पण मॅडम, आजपर्यंत त्याले बोलावलं कोनं होतं?"

मी विज्ञानाचं पुस्तक मिटलं.

सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी ते झेरॉक्सचं चित्र पोरांना दाखवलं. काळ्या शाईत तो पक्षी सांडलेल्या डागासारखा दिसत होता. "हा आपला पाहुणा," सर म्हणाले. पाचवीतल्या रुक्माने हात वर केला. "सर, तो एवढ्या दुरून येईन तं थकून येईन ना. मंग त्याले नुसतं साखरेचं पानीच देसान? भाकर नाही?"

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

*

इथे करीमचाचांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

करीमचाचा आमचे शिपाई. एकतीस वर्षं त्याच शाळेत. आवारातल्या, पार बांधलेल्या निंबाला तारेने रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच शाळेची घंटा. ती चाचांशिवाय कुणी वाजवायची नाही. गावाचं घड्याळही तीच. वावरातल्या बाया तिच्यावर घरी यायच्या, चक्कीवाला तिच्यावर चक्की बंद करायचा.

रोजच्या तासांचे ठोके मोजून असायचे. पण वर्षाची शाळा संपली की शेवटच्या दिवशी चाचा 'लंबी घंटी' वाजवायचे. ती मोजायची नसते. हळू सुरू करायची आणि पोरं फाटकाबाहेर पळत सुटेपर्यंत वाढवत न्यायची. त्या वर्षापर्यंत मी ती आठ वेळा ऐकली, आणि आठही वेळा मला स्वतःला दप्तर घेऊन पळावंसं वाटलं.

त्या वर्षीच्या एकतीस मार्चला चाचा रिटायर होणार होते. मग लेकीकडे, सलमाकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात राहायला जायचं ठरलं होतं. त्यांनी सरांकडे एकच गोष्ट मागितली. "सर, त्या रोजी लंबी घंटी वाजवू द्या. सलमा लेकरायले घेऊन येनार हाय. तिचं बालपण याच्यावर गेलं, पन माह्या नातवायनं कधी ऐकलीच नाही. त्यायच्या शाळेत बटन दाबतेत."

"चाचा, अर्धा तास वाजवा," सर म्हणाले. ते ऐकून चाचांचा चेहरा असा खुलला की मी तो अजून विसरलेले नाही.

*

आता लाल फुलं. सरांनी पोरांना सांगितलं, प्रत्येकाने घरून लाल फुलाचं एक झाड आणायचं. सरांच्या मनात होती फांदी. पोरांनी आणली झाडं, मुळांसकट. आठ दिवसांत गावातली एकूण एक जास्वंद शाळेत आली!

नवव्या दिवशी सकाळी फाटकात बायांची रांग. सगळ्यांत पुढे गोदाबाई, आमच्या ग्रामशिक्षण समितीच्या अध्यक्ष, सत्तरीच्या, गावात त्यांच्या शब्दापुढे कुणी जायचं नाही. त्यांच्याच नातवाने त्यांच्याच तुळशीशेजारची जास्वंद उपटून आणलेली.

"मास्तर," गोदाबाई म्हणाल्या, "फुलं तुमच्या पाखराले. अन् माह्या गनपतीले काय, मी पाला वाहू?"

सर गडबडले. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं की झाडं शाळेतच राहतील. सकाळी आठपर्यंतची फुलं देवाची, आठनंतरची पाखराची. तेव्हापासून आमच्या शाळेत पोरांच्या आधी आज्या हजर असायच्या, आणि पाणी घालायलाही त्याच असायच्या, त्यामुळे झाडं जगली.

*

साखरेच्या पाण्याचा किस्सा मात्र केंद्रप्रमुखांचा. चाचा रोज सकाळी एक जग भरून साखरेचं पाणी करायचे, त्यात थोडा सरबताचा लाल रंग, आणि जग माठाशेजारी झाकून ठेवायचे. मग वेळ मिळेल तसं बाटलीत भरून झाडाला टांगायचे. पक्षी नव्हतेच, मुंग्या मात्र भरपूर यायच्या.

एके दिवशी भर दुपारी केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले. घामाने निथळत होते. ऑफिसात कुणी नाही. त्यांनी झाकण काढलं, ग्लास भरला, प्यायले, पुन्हा भरला. चाचा दारात येऊन उभे राहिले तेव्हा दुसरा ग्लास संपत होता. चाचा मुकाट्याने माझ्या वर्गात आले आणि कानाशी म्हणाले, "मॅडम, साहेब पाखराचं पिऊन राह्यले."

आम्ही ते त्यांना कळू दिलं नाही. केंद्रप्रमुखांनी भेटवहीत शेरा लिहिला, तो मी शब्दशः सांगते. "शाळेत येणाऱ्याचे स्वागत उत्तम होते. लिंबू असल्यास बरे."

*

एक किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो वगळला तर बाकीचे खोटे वाटतील.

दिवाळीनंतरचे दिवस. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिघडलेलं होतं, आणि तेव्हा तर लाल्या आलेला. म्हणजे कपाशीची पानं लाल पडतात आणि झाड जागच्या जागी वाळतं. वर्गात दर आठवड्याला एखादी जागा रिकामी दिसायची, कुणी कामासाठी आईबापांबरोबर सुरतेला गेलेलं असायचं.

एका सकाळी रुक्मा कपाशीची मूठभर लाल पानं घेऊन सरांकडे आली. फार आनंदात होती. "सर, आमचं अख्खं वावर लाल झालं! पाखराले तिकडं बोलावू का?"

सरांनी पानं हातात घेतली. एकेक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "ठेव बेटा इथं. मी पायतो." रुक्मा उड्या मारत गेली. मला रडू आलं, सांगायला लाज वाटत नाही.

मी सरांना म्हटलं, "आता हे पुरे करू या. लोक काय म्हणतील? इथे पीक जातंय आणि शाळा अमेरिकेच्या पक्ष्याची वाट बघतेय."

सर म्हणाले, "मॅडम, या गावात एक तरी गोष्ट लाल असून चांगली असू द्या."

त्यानंतर मी झेरॉक्सच्या त्या चार पानांना नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मीच बाटली धुवायला लागले.

*

आणि संक्रांतीच्या सुमारास तो आला!

मी सातवीला पचनसंस्था शिकवत होते. बाहेरून सरांचा आवाज. हातात खडू, पायात एकच चप्पल, आणि सर व्हरांड्यातून ओरडत पळताहेत, "आला, आला, हमिंगबर्ड आला!" सगळी शाळा बाहेर. जास्वंदीवर अंगठ्याएवढा एक पक्षी, ऊन पडलं की जांभळा-निळा चमकणारा, बाकदार चोच फुलाच्या बुडाशी घालून रस पीत होता. मध्येच क्षणभर फुलापुढे हवेत थांबलासुद्धा. पोरांनी श्वास रोखले होते.

मी पुस्तक काढून पाहिलं. सरांना कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, "सर, हा शिंजीर आहे. आपल्याकडचाच."

मागून करीमचाचा म्हणाले, "हौ. शक्करखोरा. मी लहानपनापासून पाहून राह्यलो. नदीकाठी लय असतेत."

सर वळले. "चाचा, सहा महिने झाले. मंग तुमी बोलले काहून नाही?"

चाचा शांतपणे म्हणाले, "तुमाले अमेरिकेचा पाह्यजे होता ना."

सर पारावर बसले. मला वाटलं, आता माणूस खचतो. पण ते खदखदा हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पोरांना म्हणाले, "पाहा रे, बोलावलं परदेशी पावन्याले, अन् आला घरचा माणूस." त्या दिवशी पोरांना गूळ वाटला.

*

घरचा माणूस मात्र तापट निघाला. सरांच्या मोटरसायकलच्या आरशात त्याला दुसरा शिंजीर दिसायचा, आणि त्याला हाकलायला तो दिवसभर आरशावर चोची मारायचा. पोरांना भीती वाटायला लागली की हा डोकं फोडून घेईल. सरांनी दोन्ही आरशांवर आपले जुने मोजे चढवले. लढाई थांबली.

शनिवारी सर तसेच मोजे विसरून मूर्तिजापूरला गेले. चौकात पोलिसाने अडवलं. "मास्तर, आरशाले मोजे काहून घातले?"

सर खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "पाखराले राग येते."

पोलिसाने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. लायसन्स मागितलं नाही, काही नाही. खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "सर, सरळ घरी जा. अन् झोप घ्या."

*

मार्च लागला. सकाळची शाळा सुरू झाली आणि घंटेचा आवाज बसला.

म्हणजे ती वाजायची, पण कशीबशी. मागच्या वर्गांना ऐकू जाईना. सरांना वाटलं, चाचांचे हात थकले. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "चाचा, डॉक्टरले दाखवा. एकतीस तारखेले अर्धा तास वाजवायची हाय." चाचा म्हणाले, "तब्येत चांगली हाय सर." आणि दुसऱ्या दिवशी घंटा आणखी हळू.

तिसऱ्या दिवशी सर स्वतः हातोडी घेऊन निघाले. चाचा धावत आले आणि रुळासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. एकतीस वर्षांत चाचांनी कुठल्याही हेडमास्तरला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "सर, हात नका लावू."

आम्ही वर पाहिलं. रुळाच्या वीतभर वर, तारेलाच एक लोंबती पिशवी विणलेली होती, मुठीएवढी. काड्या, कोळ्याचं जाळं, कापूस, आणि सहावीच्या चाचणीच्या पेपरचा एक तुकडा, त्यावर माझी लाल शाईची खूण. भोकातून एक बारीक चोच बाहेर डोकावत होती.

"मादी बसली हाय. दोन अंडे हायेत," चाचा म्हणाले. "मी रुळाच्या बुडाशी मारत होतो, धक्का वर जाऊ नये म्हनून. पन आता तेवढं बी नको."

सरांनी झेरॉक्सची ती चार पानं पुन्हा उलटसुलट वाचली. घंटेबद्दल त्यात काही नव्हतं. घंटा बंद झाली.

*

मग तास कसे बदलायचे? चाचा प्रत्येक वर्गाच्या दारात जायचे आणि हाताची बोटं दाखवायचे. तिसरा तास, तीन बोटं. पोरांनाही काय वाटलं कोण जाणे, ती सुटीतसुद्धा निंबाजवळून चवड्यांवर चालायची. इतकी शांत शाळा मी पुन्हा पाहिली नाही.

पण चौथ्या दिवशी गोदाबाई हरभरा सोंगणाऱ्या, म्हणजे कापणाऱ्या, वीस बाया घेऊन फाटकात. साडेअकराच्या घंटेवर त्या वावरातून परतायच्या. घंटा नाही, म्हणून भर उन्हात एक वाजेपर्यंत वाट पाहत राबल्या होत्या.

"मास्तर, पाखरू अंड्यावर बसलं तं बसू द्या," गोदाबाई म्हणाल्या. "पन आमी काहून उन्हात तळाव?"

सरांनी त्यांना पाराजवळ नेलं आणि घरटं दाखवलं. गोदाबाई डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग घरी गेल्या आणि आपलं लाल लुगडं घेऊन आल्या. "साडेअकराले हे शाळेच्या छतावर टांगत जा. वावरातून दिसते. अन् लाल हाय, पाखराले बी आवडन."

तेव्हापासून आमची शाळा लुगड्यावर सुटायला लागली.

*

एकतीस मार्च. चाचांचा निरोप समारंभ. शाल, नारळ, सरांचं भाषण. सलमा अकोल्याहून दोन्ही लेकरांना घेऊन आली होती. आणि घरट्यात पिल्लं निघून तीनच दिवस झाले होते.

सरांनी आमच्याशी बोलून ठरवलं होतं. ते म्हणाले, "चाचा, एकच ठोका मारा. हळू. तेवढ्यानं काही होत नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मला स्वतःला तो ठोका हवा होता.

चाचा हातोडी घेऊन निंबाखाली गेले. सगळी शाळा बघतेय. ते उभे राहिले, वर पाहिलं, आणि हातोडी खाली घेऊन परत आले. धाकट्या नातवाने विचारलं, "नाना, घंटी?" चाचांनी त्याला उचलून घरट्याजवळ नेलं. दोन उघड्या चोची बघून तो हसला. सलमा हसली नाही. ती हळूच म्हणाली, "अब्बा, हम तो सुनने आये थे."

चाचांनी सरांना एकच विचारलं. "सर, हे पिल्लं उडेपावतर हातोडी माह्यापाशी राहू द्याल?"

आणि ते लेकीबरोबर गेलेच नाहीत. रिटायर झालेला माणूस रोज सकाळी सातला पारावर येऊन बसायचा, कावळे आणि मांजरं हाकलत. सरांचा मोबाइल होता, त्याला रेंज फक्त त्या पारावर मिळायची. त्यावर दिवसाआड सलमाचा फोन यायचा, "सर, अब्बा कब आ रहे?" आणि सर हेडमास्तरकीच्या आवाजात रिपोर्ट द्यायचे, "डोळे उघडले. पिसं फुटली. आता चारेक रोज."

*

एप्रिलचा मध्य. वार्षिक परीक्षा, गणिताचा पेपर. साडेनऊ वाजले होते, अर्धी पोरं अजून दुसऱ्या प्रश्नावरच होती. शाळेत फक्त पेनांचा आवाज.

आणि घंटा वाजली.

एक ठोका. मग दुसरा. हळूहळू. महिनाभर कुणी ऐकली नव्हती, त्यामुळे आधी कुणालाच कळेना हा आवाज कसला. मग ठोके जवळ जवळ यायला लागले, आणि मोठे, आणि आणखी मोठे. लंबी घंटी!

पोरं पेपर टाकून उठली. मी "बसा रे" म्हणत होते, आणि म्हणता म्हणता मीच व्हरांड्यात पोहोचले होते. फाटकापलीकडे वावरातल्या बायांनी दोन तास आधीच विळे खोचले होते. चक्की थांबली. गोदाबाई काठी टेकत लगबगीने येत होत्या, त्यांचं लुगडं अजून ऑफिसात घडी करून ठेवलेलं होतं.

सर धावत पाराजवळ पोहोचले. "चाचा, चाचा, साडेनऊ वाजले! पेपर चालू हाय. सुट्टी कोनाची झाली?"

करीमचाचांचा हात थांबला नाही. त्यांनी फक्त हनुवटी वर केली. तारेवरचं घरटं प्रत्येक ठोक्याला झोके घेत होतं, रिकामं.

सरांनी रिकाम्या घरट्याकडे पाहिलं. मग ते पारावर चढले, खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला. पलीकडून सलमाचा आवाज आला, "हॅलो? सर?"

 सरांनी हात उंच केला आणि मोबाइल रुळाशेजारी धरून उभे राहिले.